आमची वाटचाल : ‘अहो, नदी कुठंय?’

आम्ही नवरा-बायकोने मेम्फिसमध्ये हा सहलींचा धंदा सुरू केला तो २०१४ साली, एका जुन्या बारा सीटच्या व्हॅनवर. मुलांकडे अमेरिकेत आलेल्या मराठी आईवडिलांना मिसिसिपी नदी दाखवायची, एवढीच कल्पना. पहिल्याच सहलीत हावरटपणा केला : मिनेसोटातल्या इटास्का तळ्यापासून न्यू ऑर्लीन्सपर्यंत अख्खी नदी, नऊ दिवसांत! इटास्काला नदी जेमतेम गुडघाभर. साड्या वर खोचून, दगडांवर पाय देत मंडळी हसत मिसिसिपी ओलांडून गेली. विस्कॉन्सिनच्या बाजूलाही नदी सोबत होती. मेम्फिस ओलांडून डेल्टात (नदीचं मुख नव्हे; मिसिसिपी राज्यातल्या सपाट, कापूस पिकवणाऱ्या भागाचं हे नाव) शिरलो तशी ती गायबच झाली. नदीकाठाने जाणाऱ्या ग्रेट रिव्हर रोड या रस्त्याच्या हिरव्या पाट्या, त्यांवर बोटीचं चाक; बाकी नुसती कापसाची शेतं. मागच्या सीटवरून काकूंनी तिसऱ्यांदा विचारलं, “अहो, नदी कुठंय?”

नदी लेव्हीच्या पलीकडे होती. लेव्ही म्हणजे मातीचा लांबलचक बांध. १९२७च्या महापुरानंतर हे बांध आणखी उंच, भक्कम केले गेले, त्यामुळे रस्त्यावरून पाणी दिसतच नाही. मला हे माहीत होतं. आधी सांगायचं मात्र सुचलं नाही. त्यात डेल्टातल्या क्लार्क्सडेल गावी जिथे ब्लूज (तिथल्या कृष्णवर्णीयांचं गाणं) ऐकायचा बेत होता, ती जागा मंगळवारी बंद! एक फोन केला असता तर कळलं असतं. त्या सहलीत पदरचे दोन हजार डॉलर गेले.

मग मार्ग कापला. मेम्फिस ते न्यू ऑर्लीन्स, सहा दिवस. मेम्फिसच्या लॉरेन मोटेलला, जिथे ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि आता नागरी हक्कांचं संग्रहालय आहे, आम्ही पूर्वी पाऊण तास द्यायचो. आता अर्धा दिवस देतो. क्लार्क्सडेलच्या डेल्टा ब्लूज म्युझियममध्ये ब्लूज गायक मडी वॉटर्सची लाकडी खोली आहे. मळ्यावर राबणाऱ्या या माणसाचं गाणं १९४१ साली लोकगीतं गोळा करत फिरणाऱ्या अ‍ॅलन लोमॅक्सनं रेकॉर्ड केलं.

तिथे आम्ही एका स्थानिक गिटारवाल्याला बोलावतो. बोटात बाटलीच्या गळ्याचा तुकडा घालून तो तारेवरून सरकवतो, सूर घसरत जातो. एकदा गाणं शिकलेल्या एक आजी एकदम म्हणाल्या, “अगं बाई, ही तर मींड!” इंग्रजी येत नसताना त्यांनी खुणा करून त्याच्याकडून तीच जागा तीनदा वाजवून घेतली. त्यालाही मजा आली. (मानधन ठरल्यापेक्षा जास्त द्यावं लागलं, पण ते असो.)

व्हिक्सबर्गच्या कड्यावर संध्याकाळ राखून ठेवतो. खाली एकच बोट रांगेत बांधलेले कितीतरी बार्ज, म्हणजे मालाच्या सपाट बोटी, ढकलत नेते. लोक तासभर हलत नाहीत. न्यू ऑर्लीन्सच्या प्रिझर्वेशन हॉल या जॅझ ऐकण्याच्या जागेबद्दल मात्र निघतानाच सांगतो : बसायला जागा मिळेलच असं नाही, गुडघे दुखत असतील तर आधी बोला.

आज दोन व्हॅन आहेत. माहितीपत्रकाच्या पहिल्याच ओळीत ठळक छापलंय : ‘नदी पहिल्या दिवशी दिसेल, त्यानंतर थेट तिसऱ्या दिवशी.’