चड्डीची शिवण

साखर वाढली की पाय सांभाळा, असं सगळे सांगतात. माझी पहिली तक्रार भलत्याच ठिकाणी निघाली. चव्वेचाळिसाव्या वर्षी लिंगाची पुढची कातडी मागे सरकेना, चिरा पडायला लागल्या, लघवीला आग व्हायची. दोन मलमं झाली. शेवटी डॉक्टर म्हणाले, "सुंता करून टाकू."

नंतरचे पंधरा दिवस लुंगीवर काढले. चड्डीची शिवण नुसती घासली तरी जीव कळवळायचा. (बायकोला हसू आवरत नव्हतं, तेही सांगून टाकतो.) चार-पाच महिन्यांनी शिवण जाणवेनाशी झाली आणि मग उलटीच काळजी लागली: बोथट झालं की काय?

मिरजेच्या मित्राला विचारलं. त्याची खतना लहानपणीच झालेली. "लेका, मला आधीचं काय माहीत? तूच सांग." पण माझं 'आधीचं' म्हणजे शेवटची दोन वर्षं नुसतं दुखणंच की!

मग वाचत बसलो. मधुमेहाच्या तपासणीत तळव्याला नायलॉनचा दोरा टेकवून "कळतंय का?" विचारतात ना, तसल्याच दोऱ्यांनी अमेरिकेत लिंगाची चाचणी झाली होती, निष्कर्ष २००७ साली छापून आले. सगळ्यात हलका स्पर्श कळला तो कातडीची बाहेरची बाजू आत वळते तिथे. म्हणजे माझी जी कापून टाकली, नेमकी तिथे! सुंता झालेल्यांचं बोंडही (लिंगाचं टोक) कमी हळवं निघालं. २०१६ साली कॅनडात ६२ पुरुष तपासले, तर बोंडात फरक सापडला नाही. केनियात किसुमूला मोठेपणी सुंता केलेल्यांना दोन वर्षांनी विचारलं, तर निम्म्याहून जास्त म्हणाले, आता अधिकच जाणवतं. माझं मत विचाराल तर दोरा हलका स्पर्श मोजतो, सुख मोजत नाही.

कातडी ताणून परत वाढवणारेही आहेत. चिकटपट्टी, वजनं, रोज काही तास, अशी कित्येक वर्षं. ताण दिला की कातडी खरंच वाढते. भाजलेल्यांवर उपचार करताना सर्जन हीच युक्ती वापरतात. बोंड झाकलं गेलं की कपड्याला घासत नाही, मऊ राहतं. पण कापलेल्या भागातले मज्जातंतूंचे शेंडे काही परत उगवत नाहीत.

मीही कागदी पट्टी लावून पाहिली. मे महिना, घाम, त्यात साखर. नवव्या दिवशी पुरळ आलं. डॉक्टरांनी पट्टी कचऱ्यात टाकायला लावली आणि वर विचारलं, "उपाशीपोटीची साखर किती आहे?"

१८२ होती.