अंगठा उडाला, 46 वर

सोमवारी आम्ही थ्रेशोल्ड पुन्हा मोजतो. पुण्यातल्या आमच्या क्लिनिकमध्ये आरटीएमएसचं, म्हणजे चुंबकीय पल्सनी मेंदूला चेतवणाऱ्या उपचाराचं मशीन मी चालवते. ती मुलगी 17 वर्षांची, बारावीची. नैराश्यासाठी यायची, तिसरा आठवडा सुरू होता.

डोक्याच्या डाव्या बाजूला कॉइल टेकवायची, एकेक पल्स सोडायचा आणि उजव्या अंगठ्याकडे बघत राहायचं. दहापैकी पाच वेळा अंगठा उडेल अशी सर्वांत कमी ताकद म्हणजे थ्रेशोल्ड. मग कॉइल पुढे कपाळाकडे सरकवून उपचार द्यायचे, त्याच्या 120 टक्के ताकदीनं. लोकांना वाटतं, सगळं मशीनच करतं. पण कॉइल जराशी तिरकी झाली तरी आकडा चुकतो. मोजताना मी कुणाला घाई करू देत नाही.

आधीच्या दोन्ही सोमवारी तिचा आकडा 54 होता. त्या दिवशी 46 वरच अंगठा उडाला, म्हणजे मेंदू नेहमीपेक्षा लवकर चेतत होता. तिच्या डोक्यावरच्या टोपीवरची कॉइलची खूण तपासली, पुन्हा मोजलं. 46.

"झोप झाली का रात्री?"

"हो, सात तास," आई म्हणाल्या.

काहीतरी निमित्त काढून मी आईंना रिसेप्शनवर पाठवलं. मुलगी इअरप्लग बोटांत चुरगाळत बसली होती. "ताई, तीन रात्री दोन-दोन तासच झोपलेय. टेस्ट सिरीज आहे. पण बंद नका करू, बाबांनी पैसे भरलेत."

या उपचारात फिट येण्याचा धोका हजारात एकाहूनही कमी, पण जागरणानं तो वाढतो. डॉक्टरांना फोन केला, सेशन रद्द केलं.

संध्याकाळी वडील येऊन भांडले. आधी एका सेंटरमध्ये एकाग्रतेसाठी न्यूरोफीडबॅकची (मेंदूच्या लहरी स्क्रीनवर बघून त्या बदलायचा सराव) 40 सेशन्स झाली, तिथे एकदाही परत पाठवलं नाही म्हणे. चाळीस वेळा तिच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावले, आणि ती रडते का, हे एकदाही विचारलं नाही! चंचल मुलांवरच्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत खरं न्यूरोफीडबॅक तुलनेसाठी दिलेल्या खोट्या न्यूरोफीडबॅकपेक्षा सरस ठरलं नाही, तरी पॅकेजं विकली जातातच. आरटीएमएसला अमेरिकेत 2024 मध्ये 15 ते 21 वयासाठी मान्यता मिळाली, तीही नैराश्यासाठी, औषधांच्या जोडीला. मार्कांसाठी नाही. हे मी त्यांना सांगितलं. ते ऐकत नव्हते.

पण झोपेचा प्रश्न मीही रोज आईंसमोरच विचारत होते. दहा सेशन्स. उत्तर आई द्यायच्या, मी टिकमार्क करायचे. त्यातल्या किती रात्री ती खरंच झोपली होती?

गुरुवारी ती आली. आकडा 53. आईंना बाहेर बसायला सांगितलं, तर त्या पर्स छातीशी धरून दारातच उभ्या राहिल्या.