भाचीचा छोटा लॅपटॉप

"टाकून द्या हो, याच्यावर विंडोज ११ चढणार नाही." म्हापशातल्या दुकानदाराने खालचं स्टिकर वाचूनच निकाल दिला. भाचीचा चेहराच उतरला.

त्याचं पहिलं वाक्य मनातून जाईना. दुसरं खरंच होतं: विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि किमान ४ जीबी रॅम लागते, यात २ जीबी. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. पण कीबोर्ड, स्क्रीन, सगळं धडधाकट!

रात्री पेनड्राइव्हवरून विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती चालवून पाहिली, इन्स्टॉल न करताच. वायफाय लागलं, मराठी टाइप झालं. ब्राउझरमध्ये जास्त टॅब उघडले की दमतो, पण तिच्या निबंधांना पुरेसा आहे.

गोव्यात किती घरांत असे लॅपटॉप कपाटात पडून असतील? तुमच्याकडे आहे का एखादा?