अपेक्षित मूल्याची गणितं सोडवताना: माझा अनुभव

बडोद्यात बी.एस्सी. आणि बी.कॉम.च्या मुलांकडून मी संभाव्यता वितरणांची (कोणती किंमत किती शक्यतेने येते ते सांगणाऱ्या तक्त्यांची) गणितं करून घेतो. सूत्रं बहुतेकांना पाठ असतात. गाडी अडते ती त्याच्या आधी, कारण क्ष म्हणजे नेमकं काय मोजतोय हेच ठरलेलं नसतं. म्हणून माझ्याकडे पहिली ओळ सक्तीची: ‘क्ष = अमुक’ हे पूर्ण वाक्यात. मग क्षच्या सगळ्या किमती, प्रत्येकीसमोर तिची संभाव्यता, आणि खाली बेरीज. बेरीज १ येत नसेल तर पुढे जायचं नाही.

उत्तरायणाच्या आधी पतंग कोडीने घेतात, म्हणजे २० नग. समजा कोडीत ४ फाटके आहेत आणि न बघता २ उचलले. क्ष = त्या दोनांत फाटके किती. किमती ०, १, २. वीसातून दोन उचलण्याचे प्रकार १९०; दोन्ही चांगले असण्याचे १२०, एक फाटका असण्याचे १६ × ४ = ६४, दोन्ही फाटके असण्याचे ६. बेरीज १९०, म्हणजे संभाव्यतांची बेरीज १ आणि तक्ता पक्का. अपेक्षित मूल्य, म्हणजे प्रत्येक किंमत गुणिले तिची संभाव्यता यांची बेरीज (थोडक्यात सरासरी): (१ × ६४ + २ × ६) ÷ १९० = ०.४.

इथे बरेच जण द्विपद वितरण (दर प्रयत्न स्वतंत्र आणि संभाव्यता दर वेळी तीच, असं धरणारं) लावून मोकळे होतात: दोन प्रयत्न, प्रत्येकी संभाव्यता ०.२. उत्तर तेच, ०.४! गोम इथेच आहे. अपेक्षित मूल्य जुळलं म्हणून पद्धत बरोबर ठरत नाही. व्हेरिअन्स (किमती सरासरीभोवती किती विखुरल्यात त्याचं माप) काढला की पितळ उघडं पडतं: द्विपदाने ०.३२ येतो, खरा ०.३०३. पहिला पतंग परत न ठेवल्यामुळे दुसऱ्या वेळी १९च उरतात, आणि पहिला फाटका निघाला तर दुसरा फाटका निघण्याची शक्यता घटते. ०.३२ ला १८/१९ ने गुणलं की बरोबर ०.३०३ मिळतो. दोन हजार पतंगांतून दोन उचलायचे असते तर फरक नावालाच राहिला असता. तिथे द्विपद खुशाल वापरावं.

सोडतीचं गणित त्यामानाने सोपं, पण एक खड्डा आहेच. समजा गरब्याच्या सोडतीची २० रुपयांची १००० तिकिटं. बक्षिसं ५००० चं एक, ५०० ची पाच, १०० ची वीस. बक्षिसांची बेरीज ९५००, म्हणजे तिकिटामागे सरासरी ९.५० परत आणि निव्वळ तोटा १०.५०. वहीत तोटा ९.९८ दिसला की समजावं, तिकिटाचे २० रुपये फक्त हरणाऱ्या ९७४ जणांकडून वजा केलेत. जिंकणाऱ्यानेही तिकीट विकतच घेतलेलं असतं.

माझं आवडतं गणित सेव-उसळीचं. गाडीवर रोज ४०, ५०, ६० किंवा ७० प्लेटींची मागणी असते. संभाव्यता अनुक्रमे ०.२, ०.४, ०.३, ०.१. प्लेटीला खर्च ३० रुपये, विक्री ५०, उरलेलं फेकायचं. (आकडे गणितापुरते घेतलेत, उगाच गाडीवर जाऊन भाव करू नका.) किती प्लेटी कराव्यात? मागणीचं अपेक्षित मूल्य ५३ येतं आणि निम्मा वर्ग ‘५३’ लिहून पेन खाली ठेवतो. पण प्रश्न मागणीचा नाही, नफ्याचा आहे. इथे क्ष = दिवसाचा नफा, आणि दर वेळी विकल्या जाणाऱ्या प्लेटी म्हणजे मागणी आणि तयार माल यांतला लहान आकडा.

५० केल्या तर सरासरी विक्री ४८ प्लेटी: ०.२ × ४० + ०.८ × ५०. नफा २४०० − १५०० = ९००. याच रीतीने ४० ला ८००, ६० ला ८००, ७० ला ५५०, आणि ज्या ५३ वर सगळ्यांचा भरवसा, त्याला ८७०. कारण एकेक प्लेट वाढवत पाहिलं की दिसतं. ४१ ते ५० मधली प्रत्येक प्लेट खपण्याची संभाव्यता ०.८, म्हणजे हाती सरासरी ४० रुपये, खर्च ३०, परवडतं. एक्कावन्नावी खपण्याची संभाव्यता ०.४, हाती २० आणि खर्च तोच ३०. तिथेच थांबायचं. परीक्षेत चारही नफे काढत बसण्यापेक्षा ही रीत झटपट होते, पण पहिल्यांदा मी पूर्ण तक्ताच करायला लावतो.

गुणोत्तर (जॉमेट्रिक) वितरणात, म्हणजे एखादी गोष्ट पहिल्यांदा घडेपर्यंतचे प्रयत्न मोजताना, व्याख्येचाच घोळ असतो. दर पेचात आपला पतंग कटण्याची संभाव्यता १/४ असेल, तर कटेपर्यंतचे पेच सरासरी ४, पण कटण्याआधी जिंकलेले पेच सरासरी ३. दोन्ही व्याख्या पुस्तकांत सापडतात. व्हेरिअन्स दोन्हींचा १२च.

प्वासाँ वितरणासाठी (क्वचित घडणाऱ्या घटना ठरावीक काळात किती वेळा घडतात ते सांगणारं; त्यात सरासरी आणि व्हेरिअन्स सारखेच असतात) बनावट आकडे मी देतच नाही. संख्याशास्त्रज्ञ बोर्टकीविचने १८९८ मध्ये छापलेला तक्ता देतो: प्रशियाच्या लष्कराच्या दहा तुकड्या, वीस वर्षं, म्हणजे २०० नोंदी, आणि घोड्याच्या लाथेने झालेले मृत्यू. शून्य मृत्यूच्या नोंदी १०९, एकाच्या ६५, दोनच्या २२, तीनच्या ३, चारची १. मृत्यू एकूण १२२, सरासरी ०.६१. वर्गांची सरासरी १९६ ÷ २०० = ०.९८, त्यातून ०.६१ चा वर्ग वजा केला की व्हेरिअन्स ०.६०८. (ही वजाबाकी विसरून ०.९८ वरच थांबलेल्या वह्या ढिगाने मिळतात.) सरासरी आणि व्हेरिअन्स जवळजवळ सारखे, म्हणून प्वासाँ लावून पाहायला हरकत नाही. सूत्राने अपेक्षित नोंदी शून्यासाठी १०८.७, एकासाठी ६६.३, दोनसाठी २०.२. तीन आणि चार वेगळे ठेवू नयेत, आकडे फार लहान पडतात. ‘तीन किंवा जास्त’ असा एकच गट करावा. त्यात अपेक्षित ४.८, प्रत्यक्षात ४.