जुन्या टाटा ४०७ टेंपोच्या इंजिनाची अर्थ (अर्थिंग) शोधताना: माझा अनुभव

क्लचप्लेट बदलून गाडी गॅरेजमधून आली आणि तेव्हापासून सेल्फ (इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर) जड फिरायला लागला. सासवडहून माल भरून पहाटे मार्केट यार्ड गाठायचं, म्हणजे सेल्फचा भरवसा हवाच. जो तो म्हणे बॅटरी गेली. बॅटरी चार्ज केली, सेल्फ उघडून ब्रश बदलले, फरक काही नाही. एक गोष्ट मात्र खटकत होती: सेल्फ मारला की इंजिन बंद करायची स्टॉपर केबल हाताला गरम लागायची.

हडपसरच्या वायरमन काकांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "शेठ, बॅटरीवर खर्च करू नका. इंजिनाला अर्थ, म्हणजे करंट परत जायची वाट, मिळत नाहीये."

इंजिन बसतं रबरी फाउंडेशनवर, आणि रबरातून करंट जात नाही. सेल्फच्या बॉडीतून इंजिनात आलेला करंट बॅटरीच्या मायनसला परत न्यायला इंजिन आणि चेसिसच्या (गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या) मध्ये तांब्याची विणलेली पट्टी असते. ती नसली की डिझेल इंजिन फिरवणारा शेकडो अँपियरचा करंट मिळेल त्या वाटेने घुसतो. आमच्याकडे तो स्टॉपर केबलमधून जात होता. अशाने केबल जळूही शकते.

काकांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला धरली, दुसरी चेसिसला, आणि मला सेल्फ मारायला सांगितला. काटा जवळपास शून्यावर. मग दुसरी पिन इंजिन ब्लॉकच्या उघड्या लोखंडावर: दोन व्होल्टच्या वर! म्हणजे बॅटरी ते चेसिस ठीक, तुटलंय ते चेसिस ते इंजिन. जंपर केबलने मायनस थेट ब्लॉकला जोडल्यावर गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

खरी मेहनत पुढे होती, कारण पट्टी जागेवर नव्हतीच. क्लचप्लेटसाठी गिअरबॉक्स उतरवताना गॅरेजवाल्यांनी काढली आणि परत लावायची राहिली. मूळ जागा कशी ओळखायची? आम्ही खाली शिरून डिझेलने घाण धुतली. चेसिसच्या लाँग मेंबरवर (लांब उभ्या पट्टीवर) एका भोकाभोवती रंग नसलेला गोल डाग दिसला. त्याच्या समोरच, क्लच हाउसिंगवर सेल्फजवळच्या एका बोल्टखाली तसाच डाग. सेल्फच्या जवळची जागा केव्हाही उत्तम, कारण सगळा मोठा करंट तिथूनच येतो. टॅपेट कव्हर किंवा ऑइल चेंबरचा बोल्ट हाताशी असतो म्हणून तिथे पट्टी लावणारे मी पाहिलेत. ते मला बिलकूल पटत नाही. मध्ये गॅस्केट (पॅकिंग) असतं, त्यातून करंट नीट जात नाही.

नाना पेठेतून नवी पट्टी आणली. आधी बॅटरीची मायनस काढली, दोन्ही जागा पॉलिश पेपरने लोखंड चमकेपर्यंत घासल्या, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळले आणि वरून ग्रीस लावलं. पट्टी थोडी ढिली ठेवली. इंजिन हलतं, ताणलेली पट्टी तुटते.

आता सेल्फ मारताना मायनस ते ब्लॉक हे रीडिंग ०.२ व्होल्ट येतं. टेंपरेचरचा काटा मध्येच उड्या मारायचा तोही थांबला. त्याच्या सेन्सरची अर्थही इंजिनातूनच जाते.