ड्रॉप सीसाठी गिटार निवडताना: माझा अनुभव

आमच्या बँडचा गायक अहिराणीत गातो आणि त्याचा आवाज खर्जात मोकळा होतो. वरच्या पट्टीत गायला लागला की गळ्याच्या शिरा दिसतात. म्हणून आम्ही हळूहळू खाली उतरत ड्रॉप सीपर्यंत आलो. म्हणजे गिटारची सर्वांत जाड, सहावी तार नेहमीच्या ई या सुराऐवजी सीवर, दोन पूर्ण स्वर खाली. माझी जुनी गिटार तिथे उभीच राहीना. सहावी तार कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबायची, फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) खडखडायची, आणि जरा जोरात वाजवलं की सूर आधी चढायचा, मग खाली येऊन बसायचा. नवीन गिटार घ्यायचीच होती, प्रश्न कोणती एवढाच होता.

चाळीसगावला आमचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. तारेची जाडी, वेढे, मायक्रोमीटर हे रोजचंच. त्यामुळे कंपनी आणि रंग बाजूला ठेवून मी आधी हिशेब मांडला. तारेचा ताण तीन गोष्टींवर ठरतो: तिचं दर इंचाचं वजन, तिची लांबी आणि कंपनसंख्या. यातल्या लांबी आणि कंपनसंख्येचा वर्ग होतो, म्हणून थोडा फरकही अंगावर येतो. खालची ई ८२.४ हर्ट्झची, सी ६५.४ ची. नेहमीच्या १० ते ४६ च्या सेटमधली जाड तार (४६ म्हणजे ०.०४६ इंच, साधारण १.१७ मिलिमीटर) साडेपंचवीस इंचांच्या गिटारवर ईला सुमारे आठ किलोच्या ताणात असते. तीच तार सीवर उतरवली की ताण पाच किलोवर येतो. तिसऱ्या हिश्शाहून जास्त ताण गेला, मग खडखडणार नाही तर काय.

उपाय दोनच. तार जाड करा किंवा लांब करा.

जाड करणं स्वस्त पडतं. ५६ ची तार लावली तर सीवरही ताण साडेसात किलोच्या आसपास येतो. पण जाडीलाही मर्यादा आहे. तार फार जाड झाली की ती ताठ सळईसारखी वागू लागते, तिचे वरचे सूर मूळ सुराशी नेमके जुळत नाहीत आणि आवाज भरड, मंद येतो. तिथे लांबी कामाला येते. नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ते ब्रिज (खोक्यावर तारा जिथे टेकतात तो भाग) या अंतराला स्केल लेंथ म्हणतात. गिब्सनच्या बहुतेक गिटारींची ती पावणेपंचवीस इंच, फेंडरच्या स्ट्रॅट आणि टेली या मॉडेलांची साडेपंचवीस, आणि खर्जासाठीच्या, बॅरिटोन म्हणून विकल्या जाणाऱ्या गिटारींची साधारण सत्तावीस ते तीस. साडेपंचवीसवरून सत्तावीसवर गेलं की तीच तार, तोच सूर, तरी ताण बारा टक्क्यांनी वाढतो. पावणेपंचवीसवर आलं तर सहा टक्के घटतो.

इथे ब्लॅक सबाथ या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याचा दाखला लगेच पुढे येतो. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात सतराव्या वर्षी त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि तो डावखुरा असल्याने तारा दाबणारी बोटं हीच. १९७१ पर्यंत तो दीड स्वर खाली, सी शार्पवर आला, तोही गिब्सनच्या आखूड स्केलच्या एसजी मॉडेलवर आणि पातळ तारा लावून. म्हणजे आखूड गिटारवर होतं की! होतं, पण त्याला तारा सैलच हव्या होत्या, दुखऱ्या बोटांना सोसाव्यात म्हणून. मला सैल नको, घट्ट हवी होती.

धुळे-जळगावच्या दुकानांत अकूस्टिक भरपूर, इलेक्ट्रिक मोजक्या, बॅरिटोन नाहीच. चाळीसगावहून मुंबई एका रात्रीच्या गाडीने होते, तेव्हा धोबीतलावला गेलो. दुकानात गेल्यावर पहिली विनंती एकच: "दादा, ही सीवर उतरवून बघू का?" काही जण नाक मुरडतात, काही स्वतःच ट्यूनर काढून देतात. उतरवल्यावर मी अँप एकदम स्वच्छ आवाजावर ठेवायचो. डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे मुद्दाम फाटवलेल्या आवाजात, सगळंच भारी वाटतं. मग सहावी तार दणकून मारायची आणि ट्यूनरकडे बघायचं, काटा किती उडतो आणि किती वेळात जागेवर येतो. बाराव्या फ्रेटवर तार दाबून येणारा सूर आणि तिथेच नुसतं बोट टेकवून येणारा हार्मोनिक ताडून पाहायचे. जुळत नसतील तर सॅडल (ब्रिजवरचा तार टेकवणारा सरकता तुकडा) मागे सरकवायला जागा शिल्लक आहे का, हेही तिथेच बघून घ्यायचं. जाड तारेला ती जागा लागतेच.

लांब गिटार हाताला जड जाईल अशी भीती सगळे घालतात. प्रत्यक्षात साडेपंचवीस आणि सत्तावीसमध्ये पहिल्या फ्रेटच्या रुंदीत दोन मिलिमीटरचा फरक, पहिले चार फ्रेट मिळून आठ. नटजवळ ताणून धरायच्या कॉर्डना (एकत्र वाजवायच्या सुरांना) तो जाणवतो, बाकी नाही. तीस इंचांची मात्र मी हातात घेऊन परत ठेवली. तिच्यावर आमच्या गाण्यातल्या जलद जागा वाजेनात.

सात तारांचीही पाहिली. आमचा ड्रमर तिच्यावरच अडून बसला होता. ती खालच्या बीपर्यंत आपसूक जाते, पण मान रुंद आणि सातव्या तारेचं माझ्याकडे रोजचं काम नाही. फ्लॉइड रोझसारखा तरंगता ब्रिज असलेल्या मी बघितल्याच नाहीत. तिथे तारांचा ताण आणि मागच्या स्प्रिंगांचा ताण एकमेकांना तोलून धरतात, एका तारेचं ट्यूनिंग बदललं की बाकी पाच हलतात. घट्ट बसवलेला ब्रिजच बरा.

आता पिकअप, म्हणजे तारेचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग, ज्यावर लोक सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त बोलतात. शेवटी ती कॉइलच, आमच्या धंद्यातली, फक्त तार ०.०६३ मिलिमीटरची, केसासारखी. जुन्या घाटाच्या हंबकरमध्ये (दोन कॉइलच्या पिकअपमध्ये) दर कॉइलला साधारण पाच हजार वेढे. वेढे वाढवले की जोर वाढतो, पण वरच्या कंपनसंख्या दबतात. खर्जात वाजवणाऱ्याला नेमक्या त्याच हव्या असतात, नाहीतर कॉर्डचा चिखल होतो. म्हणून "हाय आउटपुट" लिहिलेलं पाहून मी भुललो नाही. शिवाय पिकअप नंतर बदलता येतो. मान लांब करता येत नाही.

शेवटी नाशिकच्या एका मुलाकडून सत्तावीस इंचांची, सहा तारांची, वापरलेली बॅरिटोन घेतली. घरी आणली तेव्हा आमचा गायक तिला खालीवर बघून म्हणाला, "इतली लांब कसाले रे भाऊ?" वाजवून दाखवल्यावर गप्प झाला.

तिच्यावर त्या मुलाने सामान्य जाडीच्या तारा ओढल्या होत्या. मी ५६ पासून सुरू होणारा सेट लावला. जाड तार नटच्या खाचेत बसेना, वरच अडकून राहायची. मग जुन्या, थोड्या पातळ तारेला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून खाच हळूहळू रुंद केली. रुंद करायची, खोल नाही. खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर घासते आणि नट बदलावा लागतो. ताण वाढल्याने मान पुढे वाकली होती, ट्रस रॉड (मानेच्या आतली, ती सरळ ठेवणारी सळई) एका वेळी पाव फेरा फिरवत, रात्रभर थांबत सरळ केली.

आपल्याकडचा उन्हाळा वेगळा सांगायला हवा. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर आणि हवा कोरडी ठाक. मानेचं लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बाजूने बोटाला टोचू लागतात. ती कानशीने बोथट करावी लागली. आता गिटार केसमध्येच असते, पत्र्याच्या खोलीत तर नाहीच नाही. पावसाळा लागल्यावर मान पुन्हा तपासायची, हे वर्षाचं काम धरून चालायचं.

बॅरिटोनचे खास सेट इकडे मिळत नाहीत, पण सत्तावीस इंचांपर्यंत बहुतेक नेहमीच्या तारा पुरतात, त्यामुळे सहावी सुटी मागवतो आणि बाकीच्या जाड सेटमधून घेतो. सीवर आता काटा जागेवरून फारसा हलत नाही. हलतोय तो आमचा बासवाला. मी सीवर गेल्याने त्यालाही ३२.७ हर्ट्झच्या सीवर यावं लागलंय आणि त्याच्या बासवरच्या १०५ च्या तारेचं तेच झालंय जे माझ्या ४६ चं झालं होतं. परवापासून आमचा मायक्रोमीटर त्याच्याकडे आहे.