लाईट गेली म्हणून फोटो आला

वडगावातल्या एका घरी यंत्रमागावर साडी विणताना काढलेले 14 फोटो मी एका स्टॉक साइटला, म्हणजे फोटो विकणाऱ्या वेबसाइटला, पाठवले होते. 12 परत आले. कारण एकच, नॉइज, म्हणजे फोटोत उमटणारे नको ते दाणे.

राग आला. लग्नसराईत याहून वाईट फोटो मी अल्बमात बसवलेत, कुणी हूं की चूं केलं नाही. पण अल्बम बघणारा नवरीचा चेहरा बघतो, स्टॉकचा तपासनीस 100 टक्के झूम करून कोपरे बघतो. फोटो कमी उजेडात आयएसओ, म्हणजे फोटो उजळ करणारं कॅमेऱ्यातलं सेटिंग, 6400 वर नेऊन, कॅमेरा हातात धरून काढलेले. त्यात सावल्या मी घरी बसून दोन स्टॉप, म्हणजे चौपट, उजळलेल्या. मागाच्या काळ्या लोखंडात लाल-हिरवे ठिपके नुसते शिंपडलेले. आयएसओ वाढवला की नॉइज येतो असं आपण सर्रास म्हणतो. मुळात सेन्सरपर्यंत उजेडच कमी पोचलेला असतो. आयएसओ फक्त रेडिओचा आवाज वाढवतो, खरखरीसकट.

लाल-हिरवे ठिपके काढणं सोपं. रंगाचा नॉइज पुसला तरी डोळ्याला फारसं काही हरवल्यासारखं वाटत नाही. पंचाईत असते ती उजेड-अंधाराच्या दाण्याची, ल्युमिनन्स नॉइजची. मी सॉफ्टवेअरमधला तो दाणा पुसायचा स्लायडर 70 वर नेला, वरून शार्पनिंग मारलं. दाणेदार कुंद्याची पार बासुंदी झाली, पण मला त्या वेळी ती छानच वाटली.

पुन्हा पाठवायच्या आधी साडी विणणाऱ्या मावशींची सही हवी होती. चेहरा ओळखू येणारा फोटो जाहिरातीसाठी विकायचा तर मॉडेल रिलीज, म्हणजे त्या माणसाची लेखी परवानगी, लागतो. कागद इंग्रजीत होता, तो मराठीत वाचून दाखवला. सही झाली. मग त्यांनी लॅपटॉपकडे बघितलं.

“कुणाची साडी ही?”

“तुमचीच की, मावशी.”

“माझी न्हवं. हिला धागाच नाही. प्लास्टिक विणलंय व्हय मी?”

झूम केलं. काठाजवळ उभे-आडवे धागे मोजता यायला हवे होते, तिथं मेणाचा थर बसलेला. फोटोत रेशमाचा धागा आणि नॉइजचा दाणा, दोघांची जाडी एक-दोन पिक्सेल. त्यातलं काय ठेवायचं नि काय पुसायचं, हे त्या स्लायडरला कळणार कसं? मावशींना मात्र चष्मा न लावता कळलं होतं.

मग मूळ फोटो 24 मेगापिक्सेलचा 6 करून बघितला. चार पिक्सेलांची सरासरी एकात आली की नॉइज साधारण निम्मा होतो, आणि बहुतेक ठिकाणी 4 मेगापिक्सेल चालतात. पण बारीक विणीवर पाण्याच्या लाटांसारखे पट्टे उमटले, मोआरे. तोही मार्ग बंद.

दुसऱ्या दिवशी ट्रायपॉड घेऊन गेलो. आयएसओ 100, सहा सेकंद. काढलेला प्रत्येक फोटो हललेला! चार माग धडधडत असताना फरशीच थरथरते, तिथं ट्रायपॉड काय करणार? माग बंद करा म्हणावं तर त्यांचा माल बुडतो, आणि माझ्या फोटोचे पैसे किती येतात हे सांगायची मलाच लाज. तासभर उगाच कांड्या न्याहाळत बसलो.

साडेअकराला लाईट गेली.

चारही माग एकदम गप्प. शेजारच्या घरातलेही. छपरातल्या काचेच्या कौलातून उजेडाची एक तिरीप नेमकी पदरावर आली होती. मी धावपळ करून लेन्सचं छिद्र एफ 8 वर लावलं आणि बटण दाबताना धक्का नको म्हणून दोन सेकंदांचा टायमर टाकला. मावशींनी हात विणीवर टेकवला.

“हलू नका.”

“माझं काय, तूच हलूलास.”

खरंच होतं. कॅमेऱ्याचा पट्टा लोंबत होता, तो काढून खिशात कोंबला.

वीसेक मिनिटं मिळाली. त्यातले 9 फोटो पाठवले, नॉइज रिडक्शन जवळजवळ शून्य. 8 घेतले. नववा परत आला तो वेगळ्याच कारणानं, कोपऱ्यातल्या सुताच्या खोक्यावर कंपनीचा शिक्का तसाच राहिला होता. तेवढं पुसायचं मी विसरलो होतो.

पण त्या दिवशी यातलं काहीच माहीत नव्हतं. शेवटचा फोटो मी मावशींना कॅमेऱ्याच्याच पडद्यावर मोठा करून दाखवला. आता तरी धागा दिसतोय का, एवढंच विचारायचं होतं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग बोटानं पडद्याच्या उजव्या कडेला टिचकी मारली.

“इथं एक तुटलाय.”

मला दिसेना. आणखी झूम केलं तेव्हा दोन उभ्या धाग्यांमध्ये केसाएवढी फट दिसली. त्या उठल्या, मागामागं जाऊन तुटलेलं टोक शोधलं, गाठ मारली, उरलेला दोरा दातानं तोडला. तेवढ्यात लाईट आली आणि फरशी पुन्हा थरथरू लागली.